वहिनीचे उंदीर आणि आईचे गुडघे

आमच्या वहिनीला खोटं बोलता येत नाही. कुणाला पोहता येत नाही, कुणाला सायकल येत नाही, तसं. माणूस सत्यवचनी असला की लोक त्याचा आदर करतात, हे ज्यांनी असा माणूस दुरून पाहिला आहे त्यांचं मत आहे. आम्ही एका घरात राहतो. सकाळी "भाजीत मीठ बरोबर आहे का हो?" असं वहिनीला विचारावं, तर ती चमचा हातात धरून दोन क्षण थांबते आणि म्हणते, "मी एकदाच चाखली आहे. वरच्या थरात बरोबर वाटतंय." खालच्या थराबद्दल ती जबाबदारी घेत नाही. पाहुण्यांनी निघताना "चुकलंमाकलं माफ करा" असं रीतीप्रमाणे म्हटलं, तर वहिनी खरोखरच आठवू लागते. माझ्या लग्नाच्या बोलणीच्या वेळी मुलीच्या वडिलांनी तिला बाजूला घेऊन विचारलं, "मुलगा स्वभावाने कसा आहे?" तेव्हा आमच्या घरी येऊन तिला चार वर्षं झाली होती. ती म्हणाली, "मला दिसतात ते संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर. सकाळी नऊच्या आधीचं माझं निरीक्षण नाही." ते गृहस्थ चहा न घेता गेले. दुसऱ्या ठिकाणी जमलं, कारण त्या दिवशी दादाने तिला यावलला माहेरी पाठवलं होतं.

धुळ्यातल्या एका कॉलेजात वहिनी रसायनशास्त्र शिकवते. तेवढ्यावर थांबली असती तर ही हकिगत इथेच संपली असती. पण चाळिशीच्या आसपास तिला पीएच.डी. करायचं सुचलं. माणसाने विषय निवडताना आपण कुठे राहतो याचा थोडा तरी विचार करावा. पांझरा नदीत वर्षातले काही आठवडे पाणी दिसतं, बाकी वर्षभर तिच्या पात्रात क्रिकेट चालतं, अशा गावात राहून वहिनीने समुद्रशेवाळ निवडलं. समुद्रशेवाळापासून चांदीचे अतिसूक्ष्म कण तयार करायचे आणि त्यांनी सूज उतरते का ते पाहायचं. मी पाटबंधारे खात्यात आहे, तेव्हा पाण्याबद्दल दोन शब्द बोलायचा मला अधिकार आहे असं समजून म्हणालो, "वहिनी, धुळ्यात गाजरगवत मुबलक आहे. रस्त्यावर उतरलं की हातात येतं. ते का नाही?" वहिनी म्हणाली, "गाजरगवतावर बऱ्याच जणांनी केलंय, भाऊजी." म्हणजे आमच्या दारातलं गवतसुद्धा आमच्यासाठी शिल्लक उरलेलं नव्हतं.

शेवाळ आणायला तिच्याबरोबर मला पाठवण्यात आलं. दादाचं बियाणांचं दुकान आहे आणि मी सरकारी नोकरीत असल्यामुळे मला रजा मिळते, असा घरचा समज आहे. दोन बस बदलून, एक रात्र आणि अर्धा दिवस हाडं खिळखिळी करून आम्ही कोकणातल्या एका किनाऱ्यावर पोचलो. वहिनीने तोवर समुद्र पाहिलेला नव्हता. वळणावर झाडं संपली आणि एकदम सगळं पाणीच पाणी दिसलं, तेव्हा मी मुद्दाम तिच्याकडे पाहिलं. माणूस पहिल्यांदा समुद्र पाहताना काय बोलतो ते मला ऐकायचं होतं. तिने घड्याळ पाहिलं आणि म्हणाली, "ओहोटीला अजून पन्नास मिनिटं आहेत." पुढचे तीन तास ती साडी खोचून खडकांवर वाकलेली होती आणि समुद्र तिच्या पाठीमागे आपला आपण येत-जात होता. परतताना थर्माकोलच्या खोक्यात बर्फ, बर्फात शेवाळ आणि खोक्यातून येणारा वास सगळ्या बसमध्ये. कंडक्टर म्हणाला, "बाई, मासे आहेत का यात?" इतर कुणीही 'नाही' म्हणून मोकळा झाला असता. वहिनी म्हणाली, "मासे नाहीत. पण बारीक खेकडे आणि शंख असण्याची शक्यता नाकारता येत नाही." नाशिकपर्यंत मी ते खोकं मांडीवर घेऊन मागच्या शेवटच्या बाकावर बसलो होतो. आमच्या आजूबाजूला बरीच जागा रिकामी होती.

मग गच्चीवर आईच्या कुरडयांशेजारी सावलीत शेवाळ वाळू लागलं. आमच्या माळकरी घराने मासे खायला सुरुवात केली, ही बातमी गल्लीच्या त्या टोकापर्यंत जाऊन परत आमच्याकडे आली. वाळलेलं शेवाळ दळून कॉलेजात गेलं. तिथे त्याचा काढा होई, काढ्यात चांदीच्या क्षाराचं पाणी पडे आणि फिकट पिवळा रंग हळूहळू चहासारखा तपकिरी होई. तो रंग आला की चांदीचे कण तयार झाले म्हणायचं. केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढे. "साधारण," वहिनी लगेच पुढे जोडायची. त्या क्षाराने तिची बोटं काळी पडत आणि डाग धुऊन जात नसत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका बाईंनी काळजीने विचारलं, "बोटांना काय झालं?" "चांदी," वहिनी म्हणाली. आमच्या गल्लीत चांदी पायात घालतात. बाई पुढे काही बोलल्या नाहीत, पण घरी जाऊन बऱ्याच बोलल्या असाव्यात.

पुढचा भाग उंदरांचा. दर आठवड्याला वहिनी एस.टी.ने जळगावला एका फार्मसी कॉलेजात जायची. तिथे रीतसर परवानगी काढून पाळलेले पांढरे उंदीर होते. त्यांच्या मागच्या पायाला एक पदार्थ टोचून सूज आणायची आणि मग वहिनीच्या चांदीने ती किती उतरते ते तासातासाला मोजायचं. हे ऐकून मी सहज विचारलं की सूज आणणारा तो पदार्थ कशाचा असतो. वहिनी म्हणाली, "तोही समुद्रशेवाळातूनच काढतात. लाल जातीच्या." म्हणजे शेवाळानेच सूज आणायची आणि शेवाळानेच उतरवायची. मला यात आमच्या खात्याच्या कामाची पद्धत ओळखीची वाटली.

पण सूज उतरत होती. वहिनीच्या भाषेत सांगायचं तर "उतरत असल्याचं सूचित होत होतं". आणि इथेच आमची आई गोष्टीत येते.

आईचे दोन्ही गुडघे कित्येक वर्षं सुजलेले. पिंपळनेरजवळच्या आमच्या खेड्यात तिने उभं आयुष्य शेतात काढलं आणि गुडघे गेल्यावर ती धुळ्याला आमच्याकडे आली. डाव्या गुडघ्यावर तर ती हात ठेवूनच बोलायची, जसा एखादा माणूस खांद्यावर उपरणं सांभाळत बोलतो. डॉक्टरांच्या गोळ्यांनी पोट बिघडायचं, म्हणून तिने त्या बंद केल्या होत्या. एक दिवस तिला कळलं की आपली सून सुजेवरचं औषध बनवते आणि ते जळगावला नेऊन उंदरांना देते.

"आणि माले?" आईने विचारलं.

वहिनीने पाट ओढला, समोर बसली आणि तिला सगळं समजावलं. हे अजून औषध नाही. उंदरात जे होतं ते माणसात होईलच असं नाही. चांदीचा त्रासही होऊ शकतो. माणसांवर तपासायला कितीतरी वर्षं लागतात आणि ते तिच्या हातात नाही. आईने अर्धा तास सगळं ऐकून घेतलं. मग दारात उभ्या असलेल्या शेजारणीला म्हणाली, "उंदीरस्ले देस, माले देस नही."

हे वाक्य त्या वर्षी आमच्या सगळ्या नात्यागोत्यात फिरलं. लग्नात, साखरपुड्यात, अगदी दहाव्यालाही माणसं वहिनीजवळ येऊन हळूच म्हणत, "एवढं शिकलात, सासूला एक बाटली देता येत नाही का?" वहिनी प्रत्येकाला तोच अर्धा तास समजवायची. आई माझ्याजवळ म्हणायची, "मना गुडघा उंदीरपेक्षा हलका शेतस का?" मग एका दुपारी वहिनी कॉलेजात असताना आईने मला जवळ बोलावलं. माझ्या हातात हात घेतला, जो ती सहसा घेत नसे, आणि म्हणाली की तू रोज तिला स्कूटरवर आणायला जातोस, पिशवी तुझ्या हातात असते. एक बाटली काढ.

वहिनीच्या पिशवीत डब्याशिवाय काही नसायचं. लॅबमधला एक थेंबही ती घरी आणत नसे. पण हे आईला सांगण्यापेक्षा मी सोपा मार्ग काढला, जो काढण्याबद्दल मी ऑफिसात प्रसिद्ध आहे. पातेल्यात पाणी ठेवलं, चहापत्ती टाकली, रंग येईपर्यंत उकळलं, गाळलं आणि गार करून खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरलं. संध्याकाळी आईला दिलं. "वहिनीला कळता कामा नये," म्हणालो. "सकाळ-संध्याकाळ चोळ. पोटात घ्यायचं नाही." हे शेवटचं मी फार गंभीरपणे सांगितलं, कारण त्याने औषध खरं वाटतं.

चौथ्या दिवशी आई काठीशिवाय देवघरापर्यंत गेली. सहाव्या दिवशी ती गच्चीवर गेली. तीन वर्षांत ती जिना चढली नव्हती. मी वर गेलो तर थंडीच्या उन्हात पाय पसरून बसलेली, चेहरा एखाद्या परीक्षेत पास झालेल्या मुलीसारखा. "बठ्ठं दुखनं गयं," ती म्हणाली. मला इतकं बरं वाटलं की आपण काय केलं आहे याचा विचार मी पुढे ढकलला.

आईला गुपित फार तर आठवडाभर ठेवता येतं. आठव्या दिवशी तिने शेजारणीला सांगितलं, नवव्या दिवशी आमच्या ओट्यावर गुडघ्यांची रांग लागली. गल्लीत इतके गुडघे दुखतात हे मला तोवर माहीत नव्हतं. दहाव्या दिवशी पिंपळनेरहून आमचा मावसभाऊ आला, त्याचं आयुर्वेदिक औषधांचं दुकान आहे. त्याने नावही आणलं होतं, 'सागर-रजत', आणि लेबलाचा नमुना, ज्यावर लाटांतून एक म्हातारी पळत येत होती. वहिनी त्याला म्हणाली, "मी पाहिलंय ते उंदरांच्या मागच्या उजव्या पायावर, चार तासांपुरतं."

"पाय तो पायच ना, वहिनी," मावसभाऊ म्हणाला. "आपण लेबलवर उंदीर टाकायचा नाही, म्हणजे झालं."

वहिनीने त्याला जेवू घातलं आणि बसमध्ये बसवून दिलं. तिचा चेहरा मात्र उतरला होता. न तपासलेलं द्रावण एका म्हाताऱ्या बाईच्या अंगाला दहा दिवस लागलं आहे, आणि ते जळगावला नेता-आणताना आपल्याच हातून बाहेर गेलं आहे, हे तिने धरून चालायला सुरुवात केली. बाटली कुठून आली ते आई सांगेना. मी संपवून टाक म्हटल्यामुळे तिने बाटली केव्हाच रिकामी करून भंगारात दिली होती. वहिनीने मला सरळ विचारलं, "भाऊजी, तुम्ही दिलीत?" मी म्हणालो, "मी कशाला देईन?" हे खोटं नव्हतं, प्रश्न होता, असं मी मनाशी ठरवलं. दुसरं कुणी असतं तर ओळखलं असतं. पण जिला स्वतःला खोटं बोलता येत नाही तिला समोरच्याचं खोटं दिसत नाही, हा तिच्यातला एक मोठा दोष आहे.

त्या दिवसापासून वहिनीने आईचे गुडघे मोजायला घेतले. संध्याकाळी सहाला ती कॉलेजातून आली की हातपाय धुऊन शिंप्याची टेप घेऊन ओट्यावर बसायची. आईचा पाय मांडीवर घ्यायची, गुडघ्याच्या वर, मध्ये, खाली माप घ्यायची, कातडी काळी पडली आहे का, पुरळ आहे का ते बोट फिरवून पाहायची, सकाळी वाकताना कुठपर्यंत दुखलं ते विचारायची आणि वहीत लिहायची. आई या वीस मिनिटांसाठी दुपारपासून लुगडं बदलून बसू लागली. आम्ही दोघे मुलगे तिच्या गुडघ्यांबद्दल इतकी वर्षं "गोळी घेतली का?" याच्या पलीकडे गेलो नव्हतो.

पंधराव्या दिवशी सकाळी मी पेपर वाचत होतो आणि वहिनी टेबलाशी बसून काहीतरी लिहीत होती. लिहून झाल्यावर तिने कागद माझ्यासमोर ठेवला. "शुद्धलेखन बघता का, भाऊजी?" तिच्या मार्गदर्शक सरांना लिहिलेलं पत्र होतं. माझ्या ताब्यातील द्रावण माझ्या निष्काळजीपणामुळे घरातील व्यक्तीपर्यंत पोचले व वापरले गेले. ही जबाबदारी माझी आहे. याची चौकशी होईपर्यंत मी काम थांबवते व माझी नोंदणी रद्द करण्याचा निर्णय आपण घेतल्यास तो मला मान्य असेल. सहा वर्षांचं काम होतं. प्रबंध सादर करायला चार महिने उरले होते आणि मुदत वाढवून मिळणार नव्हती. पत्रात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

मी पेपरची घडी घातली. "वहिनी, ते चहापत्तीचं पाणी होतं," मी म्हणालो. "मी केलं होतं. आपल्याच पातेल्यात."

आता ती रडेल, ओरडेल किंवा दादाला हाक मारेल, अशा तिन्हींची मी तयारी केली. तिने वही ओढली.

"पत्ती किती?"

"दोन चमचे."

"चहाचे?"

"चहाचे."

"किती वेळ उकळलं?"

मी ते सांगितलं. तिने लिहून घेतलं, पेन खाली ठेवलं आणि मगच तिचे डोळे भरून आले. मग पत्राचे दोन तुकडे करून उठली आणि म्हणाली, "चला, आईंना सांगू."

मी तिला अडवलं. मी माझ्या आयुष्यात इतकं मनापासून क्वचितच बोललो असेन. म्हणालो, आई चालते आहे, गच्चीवर जाते आहे, तुमचं पत्र फाटलं, कुणाचं काही बिघडलं नाही. सांगून काय मिळणार? परत काठी? वहिनीने नीट ऐकून घेतलं. "तुमचं म्हणणं चूक आहे असं मला सिद्ध करता येणार नाही," ती म्हणाली. "पण गुडघे त्यांचे आहेत. त्यांच्या गुडघ्याचं खरं काय ते आपल्या दोघांना माहीत आणि त्यांनाच नाही, हे बरोबर नाही."

आई देवघरात वाती वळत होती. वहिनीने सांगायला सुरुवात केली, पण मी तिला थांबवून स्वतः सांगितलं. आईने सगळं ऐकलं. हातातली वात पुरी केली.

"चहानं पानी व्हतं?"

"हो."

"तू करं?"

"हो."

ती माझ्याशी तीन आठवडे बोलली नाही. ताट समोर ठेवायची आणि भिंतीला सांगायची की जेवण वाढलं आहे. गल्लीतल्या रांगेला तिने स्वतः ओट्यावर उभं राहून परत पाठवलं, माझ्याबद्दल दोन विशेषणं वापरून, जी इथे देत नाही. गुडघा त्या दिवशी संध्याकाळपर्यंत पुन्हा दुखू लागला. सहा वाजता वहिनी कॉलेजातून आली आणि सरळ स्वयंपाकघरात गेली. आता मोजायचं काही कारण उरलं नव्हतं. थोड्या वेळाने बाहेरून हाक आली, "आज मोजानं नही का व?" आई लुगडं बदलून, पाय पसरून ओट्यावर बसली होती. वहिनी टेप घेऊन बाहेर गेली.

ते मोजणं पुढे दोन वर्षं चाललं. कधी सूज कमी असे, कधी जास्त. आई कधी काठी घेई, कधी विसरे. वहिनीला डिग्री मिळाली. प्रबंधाच्या शेवटी तिने लिहिलं आहे की या कणांमुळे उंदरांमधील सूज कमी झाल्याचे दिसते, मात्र माणसांबाबत यावरून काहीही सांगता येत नाही. असा शेवट केल्यामुळे मावसभावाने अजून तिला माफ केलेलं नाही. गेल्या हिवाळ्यात आई गेली, झोपेतच.

परवा संध्याकाळी वहिनी ओट्यावर मेथी निवडत बसली होती. मीही जाऊन बसलो. बोलता बोलता मी विचारलं, "इतके दिवस तुम्ही दोघी इथे काय बोलायचात?"

"बरंच. त्या सांगायच्या, मी ऐकायची."

"डावा गुडघा जास्त का दुखायचा, ते कळलं का कधी?"

वहिनीचा हात थांबला. "त्यांनी तुम्हाला सांगू नको म्हटलं होतं," ती म्हणाली. मग, मी विचारलंच होतं म्हणून, तिला दुसरं काही करता येईना. एका पावसाळ्यात शाळेच्या वाटेवर फार चिखल व्हायचा. मला चिखलात पाय घालायला आवडत नसे, म्हणून सात वर्षांच्या मला आई रोज कडेवर घेऊन नाला ओलांडायची. एकदा ती दगडावर डाव्या गुडघ्यावर पडली. मला तिने वर धरलं होतं, त्यामुळे माझी पाटीसुद्धा भिजली नाही.

मला तो नाला आठवतो. आईचं पडणंही आठवतं. ती धपकन खाली बसली, ते मला फार गमतीचं वाटलं होतं आणि मी खूप हसलो होतो. हेही आईने सांगितलं होतं का, असं वहिनीला विचारायचं माझ्या अगदी ओठांवर आलं. पण तिने खरं तेच सांगितलं असतं, म्हणून मी तिच्यापुढची मेथीची एक जुडी उचलली आणि निवडायला घेतली.